दसऱ्यानंतर जोडलेले फोन

शहाद्याजवळच्या एका जिनिंगमध्ये मी इंटरनेटवर चालणारे अकरा फोन बसवले होते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशीनचा गोंगाट असा की शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नाही. म्हणून शेठना मशीनघरातून मेन स्विचच्या खोलीत थेट फोन हवा होता. प्रत्येक फोनच्या पोटावर त्याचा ओळखक्रमांक छापलेला असतो. वायर जोडली की फोन तो क्रमांक ऑफिसातल्या मुख्य पेटीला कळवतो आणि आपला नंबर आपणच घेऊन येतो. मला बोटही लावावं लागत नाही. या गोष्टीचा मला फार माज होता.

दसऱ्याला जिनिंगवाल्यांनी पाने-पक्कडीबरोबर सगळे फोनही पूजेला मांडले. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, सगळं रीतसर. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या शिपायाने ते पुसून पुन्हा जागोजागी जोडले. पन्नाशीचा, जवळच्या प्रकाशा गावचा गरीब माणूस. पण नंबर टेबलाचा नसतो, फोनचा असतो. स्विचच्या खोलीतला फोन गेला वजनकाट्यावर. नंबरांच्या चिठ्ठ्या मी फोनवर न लावता टेबलांवर चिकटवल्या होत्या, त्यामुळे वरवर काहीच बदललेलं दिसत नव्हतं.

चार दिवसांनी मी तिथे एक खराब वायर बदलत असताना एका कामगाराचा हात रोलरमध्ये गेला. जवळचं बटण दाबूनही मशीन थांबेना. मुकादमाने स्विचच्या खोलीचा चौदा नंबर दाबला आणि ओरडला, “मेन पाड! मेन पाड!”

पलीकडे काट्यावरचा कारकून. “कसाना मेन? आठे तं काटा शे.”

मशीन हात ओढतच होतं. कापसावर रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या. तो माणूस किंचाळतोय हे नुसतं त्याच्या तोंडावरून कळत होतं. कोणीतरी आवार ओलांडून पळत गेला आणि त्याने मेन पाडला, तोवर कोपरापर्यंतचा हात गेला होता. मशीन थांबल्यावर त्याचा आवाज ऐकू आला.

मी काट्यावर धावलो, फोन उलटा करून बघितला आणि डोकं फिरलं. शिपायाची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं, थोबाडीत दिली. “अक्कल गहाण टाकलीस का? कुठला फोन कुठे जोडलास?” त्याचा ओठ फाटला. माणसं जमली.

तोंड पुसत तो म्हणाला, “तुम्हीच सांगेल व्हतं ना साहेब, कोठेबी लावा, फोन सोताच वळखी लेस...”

सांगितलं होतं मी. छाती फुगवून सांगितलं होतं. तेवढ्यात शेठ येताना दिसले. त्यांच्या कानावर ते जाऊ नये म्हणून मी त्याला पुन्हा मारलं, तोंडावरच, बोलणं बंद होईपर्यंत.

संध्याकाळी शेठनी त्याला कामावरून काढलं. मी शेजारीच उभा होतो. मला स्वतःची किळस आली, तरी चूक माझी होती हे मी शेठना सांगितलं नाही.