नानांचा नंबर

काही बिघडलं की नानांचं बोट आधी उठायचं, डोळे नंतर उघडायचे. लाईट गेली तरी बोट माझ्याकडेच. "हिनेच केलं!" जळगावातल्या त्या तपासणी लॅबमध्ये कॉम्प्युटरचं काम आम्हा दोघांकडे होतं. म्हणजे काम मी करायचे आणि साहेबगिरी नाना. असा खडूस माणूस मी उभ्या खानदेशात पाहिला नाही.

माझा डबा मात्र न विचारता उघडायचे. अर्धं भरीत फस्त करून वर शेरा, "आमच्या धुळ्यात याले कोणी भरीत म्हणणार नाही." मग खाता कशाला, मेलं!

एकदा बिलाचा नवा प्रोग्राम बसवून बघायला त्यांनी पेशंटांच्या सगळ्या माहितीची हुबेहूब नक्कल केली, क्लोन. चाचणीचे मेसेज पेशंटांना जाऊ नयेत म्हणून त्या नकलेत प्रत्येकापुढे स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. एवढं डोकं होतं, नाही म्हणत नाही. पुढे म्हणाले, "याचाही रोज बॅकअप घ्यायचा. मेहनत शे माझी."

"नाना, दोन्हींचं नाव एकच आहे. नकलेचा बॅकअप खऱ्याच्या बॅकअपवर जाऊन बसेल. आधी नाव बदलू."

"मला शिकवतेस? पाळण्यात होतीस तेव्हापासून करतोय मी हे!" आणि स्वतःच बसून तो बॅकअप लावून टाकला.

मे महिन्यात सर्व्हर बंद पडला तो पडलाच. नानांनी बॅकअप परत चढवला. जुने पेशंट दिसले, पण गेल्या काही दिवसांचे रिपोर्ट गायब. लॅबच्या डॉक्टरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. बोट उठलं. "हिनेच केलं, साहेब. काढून टाका हिला."

वडील गेल्यापासून घर माझ्या पगारावर होतं.

तेवढ्यात नानांच्या खिशात टिंग वाजलं. परत वाजलं. मग थांबेचना. बाहेर काउंटरवरून जुन्या पेशंटांना सकाळच्या रिपोर्टांचे मेसेज सुटायला लागले होते. डॉक्टरांनी हात पुढे केला आणि नानांचा मोबाइल घेऊन मोठ्यानं वाचलं, "सुमनबाई, आपला रिपोर्ट तयार आहे." पुढचा वाचला. त्याच्याही पुढचा.

"नाना, गावभरचे रिपोर्ट तुमच्या मोबाइलवर कसे?"

बॅकअपमधून परत आली होती ती नानांची नक्कल, नानांच्या नंबरासकट. त्या दिवशी बोट उठलं नाही.

नाना काम सोडून धुळ्याला परत गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, "माझा नंबर काढून टाक बठ्ठा, एकूण एक ठिकाणचा. डोकं उठलं."

पेशंटांनी भरलेले जुने अर्ज काढून मी एकेक नंबर बदलला. एका ठिकाणी नानांचा मुद्दाम ठेवला. दर दिवाळीला लॅबच्या मोबाइलवरून त्यांनाही मेसेज जातो, 'आपल्या प्रकृतीची काळजी घ्या.'

लगेच उत्तर येतं, "हिनेच केलं!"