मधुमतीची लाल ओळ

आमची सून मधुमती ऑफिसातून आली की स्कूटी गेटाच्या आत लावते आणि हेल्मेट न काढता तशीच बसून राहते. पाच मिनिटं, कधी दहा. मी वरून गॅलरीतून बघत असतो. पहिल्यांदा वाटलं, फोनवर बोलत असेल. पुढे एकदा विचारलं तर म्हणाली, "अप्पा, धडधड थांबली की वर येते."

भित्रेपणात आमच्या मधूचा हात धरणारं कोणी नाही. गॅस तीनदा तपासते. लिफ्टमध्ये एकटी चढत नाही. माहेर मिरजेचं. सोळा वर्षांपूर्वी लग्न होऊन विनयबरोबर लखनऊला आली, तेव्हा "भैया, धनिया दीजिए" एवढं म्हणायला तिला महिना लागला होता. हे तीच सांगते आणि तीच हसते. मी सातवी पास, गावच्या शाळेतला, पाटबंधारे खात्यात पाटकरी होतो. पत्नी गेल्यावर इथं जानकीपुरमला आलो. मला गप्पा माराव्या लागतात, नाहीतर जेवण पचत नाही. आणि घरात माझ्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकणारी एकटी मधूच. विनय मधेच उठतो, नात हिमानी म्हणते, "आजोबा, ये वाली तो हो चुकी है." म्हणून तिची गोष्ट सांगायचा हक्क माझा.

तिची कंपनी शीतगृहं आणि फळांची पॅकिंग घरं बांधते. ऑफिस सरोजिनी नगरला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. यंदा जानेवारीत कंपनीनं एक सॉफ्टवेअर घेतलं. कंपनीची सगळी कामं एकाच पडद्यावर, एका कामाची एक ओळ, आणि ओळीपुढं रंग. काम वेळेत असेल तर हिरवा, जरा मागं पडलं तर पिवळा, अडकलं तर लाल. सहा टीमना ते वापरायला लावायचं काम आलं मधूकडे. का, तर ती सगळ्यांशी गोड बोलते! वरच्या देविका मॅडमनी बजावलं, "पंधरा मे तक सब इस पर आ जाएँ. नहीं तो यहाँ प्लानिंग की जगह रखकर क्या करूँगी? आपको पटना भेजना पड़ेगा."

पाटणा! हिमानीचं दहावीचं वर्ष सुरू होणार. विनयच्या बँकेनं त्याला इथून हलवायला दोन वर्षं तरी घेतली असती. त्या दिवशी हेल्मेट वीस मिनिटं उतरलं नाही.

मग सुरू झालं ते. इथल्या माणसाच्या तोंडून 'नाही' हा शब्द कधी येत नाही. "हो जाएगा मैडम" म्हणतील, चहा पाजतील, वर समोसाही देतील, आणि करणार काही नाहीत. विजेचं काम बघणारे सगळं डायरीत लिहायचे, नकाशेवाले कोणाला काही दाखवायचे नाहीत. मलिहाबादचं पॅकिंग घर बांधणारा राघव तिवारी तर सगळा कारभार मोबाइलवर बोलूनच चालवायचा. तो स्पष्ट म्हणाला, "मैडम, बोला हुआ उड़ जाता है. लिखा हुआ रह जाता है."

मधू हरली नाही. म्हणजे घाबरत होती, पण जात होती. डब्यात चकल्या घेऊन एकेका टीमच्या टेबलाशी बसायची, त्यांची पहिली ओळ स्वतः भरून द्यायची. एप्रिल संपता संपता सहाच्या सहा टीम पडद्यावर आल्या आणि सगळ्या ओळी हिरव्यागार! मी म्हटलं, "मधू, पेढे आण." तर तिचा चेहरा उतरलेला. "अप्पा, चाळीस कामं आणि एकही मागे नाही? माझा स्वयंपाकसुद्धा रोज वेळेत होत नाही."

खरी गोम होती कंपनीच्या एका नियमात. ज्याचं काम लाल, त्याला ते सुधारेपर्यंत सुट्टी नाही, बदली नाही. काम तसंच टाकून कोणी पळू नये म्हणून कोण्या शहाण्यानं तो केलेला. आणि हे दिवस सहालगचे, म्हणजे इकडचा लग्नसराईचा मोसम. घराघरात कोणाची तरी वरात. लाल करतो कोण?

मे महिन्याच्या सुरुवातीला एका रविवारी तिला मलिहाबादला जायचं होतं. मी म्हटलं, मलाही ने, दशहरी आंब्याच्या बागा बघतो. बागा काय वर्णाव्या! झाडं ओझ्यानं वाकलेली. बागवानांना कंपनीनं पाच जूनचा वायदा दिला होता: आंबा आणा, कीड मरावी म्हणून गरम पाण्यातून काढू, खोक्यात भरू, बाहेर पाठवू. गरम पाण्याचं ते यंत्र कुठं बसवलंय बघायला आम्ही राघवच्या मागोमाग आत गेलो. ओट्यावर चार बोल्ट उभे होते आणि त्यातल्या एकाला शेळी बांधली होती.

मला हसू आवरेना. मधूकडे बघितलं आणि हसू आटलं. ती पांढरीफटक पडली होती.

"राघवजी, मशीन?"

"रास्ते में है मैडम."

"किस रास्ते में?"

राघवनं टोपी काढली. यंत्र बनवणाऱ्यानं अजून पाठवलंच नव्हतं. जूनच्या अखेरीला मिळणार होतं. तेव्हा दशहरी झाडावर थोडीच थांबणार आहे! राघव हात जोडून म्हणाला, "मैडम, लाल मत कीजिएगा. बाईस को बहन की बारात है. बाबूजी हैं नहीं, सब मुझे ही देखना है. उसके बाद जो सज़ा देंगी, मंज़ूर."

मधू कंपनीच्या गाडीत जाऊन बसली. परतीच्या वाटेवर एसी लावलेला असताना तिच्या कपाळावर घाम होता. गप्प राहिली तर पंधरा तारखेला सगळं हिरवं दिसणार, शाबासकी मिळणार, पाटणा टळणार. आणि पाच जूनला बागवान गाड्या भरून दारात येणार. बोलली तर राघवच्या बहिणीचं लग्न अडणार, आणि बाकीच्या टीमही दुसऱ्या दिवशी पुन्हा डायऱ्या उघडून बसणार. मग पाटणा आहेच.

"अप्पा, एखादी गोष्ट सांगा," ती म्हणाली. असं तिनं कधी मागितलं नव्हतं, मागायची वेळच मी येऊ देत नाही. पण त्या दिवशी ओठावर जी आली ती मी कोणालाच सांगितलेली नव्हती.

मी पाटकरी असताना रोज पहाटे कालव्यावर जाऊन मोजपट्टीवर पाणी किती ते बघायचो आणि वहीत लिहायचो. नवे साहेब आले. आकडा वाढला की ओरडायचे, जणू पाणी मीच ओतलंय. मी घाबरून रोज 'नऊ फूट' लिहू लागलो. साहेब खूश. एका श्रावणात पाणी साडेअकरावर गेलं. वहीत नऊच. काठ फुटला आणि हणमंताचा वांग्यांचा मळा धुऊन गेला. चौकशी झाली. वही बघून साहेब म्हणाले, पाटकऱ्याची चूक नाही. संध्याकाळी हणमंत माझीच समजूत घालायला आला. "पाटकरी, तुझ्या वहीत नऊच होतं की रं. तू काय करणार?" त्यानंतर तो वीस वर्षं जगला. मी त्याला सांगितलं नाही.

मधूनं ऐकलं. "आणि सांगितलं असतं तर?"

"नोकरी गेली असती," मी म्हटलं. खोटा धीर कशाला द्यायचा?

पंधरा तारीख उजाडली. देविका मॅडम दिल्लीत होत्या, म्हणून बैठक संगणकावरच. मधू जेवणाच्या टेबलाशी बसली, मी तिच्या शेजारी, मांडीत ताटली घेऊन लसूण सोलत. पडद्यावर चौकोनाचौकोनात माणसं. राघवही होता, दर मिनिटाला गळा पुसत. मॅडम ओळीमागून ओळ वाचत होत्या. हिरवी, हिरवी, हिरवी. "वाह! लास्ट वाली क्या है? 'सॉफ्टवेअर सब टीमों तक पहुँचाना.' मधुमतीजी, ये तो आपका ही काम है. ये भी ग्रीन."

तेवढ्यात मधूनं टेबलाखाली माझं मनगट धरलं. लसणाची कुडी माझ्या हातातून पडली. दुसऱ्या हातानं तिनं माऊस फिरवला, आणि ती शेवटची ओळ टचकन लाल झाली. चाळिसात एकटी.

"ये क्या?" मॅडम.

"मैडम, काम हुआ नहीं है." आवाज इतका थरथरत होता की मॅडमना वाटलं असेल, लाइन खराब आहे. "टीमें इस पर आ गई हैं, पर कोई सच नहीं लिखता. लाल का मतलब है छुट्टी गई, इसलिए सब डरते हैं. मैंने भी डर से ही हरा किया था."

मला कुकरची शिट्टी ऐकू येत होती आणि ती बंद करायला उठायची छाती होत नव्हती. मॅडम चष्मा काढून बघत राहिल्या. मधूची नखं माझ्या मनगटात रुतली. मी मनात म्हटलं, गेलो पाटण्याला.

मग एका चौकोनातून खाकरल्याचा आवाज आला. "मैडम, एक लाल मेरा भी है," राघव म्हणाला. आणि सगळं सांगितलं. यंत्र, बोल्ट, बहीण. शेळी तेवढी गाळली.

मॅडम कडाडल्या. पाच मिनिटं कडाडल्या. शेवटी म्हणाल्या, "बीस दिन हैं. आज पता चला तो कुछ हो सकता है, पाँच जून को पता चलता तो मुँह दिखाने लायक नहीं रहते. राघव, शादी में जाइए. तीन दिन मलिहाबाद मधुमतीजी देखेंगी." बैठक संपेपर्यंत आणखी सात ओळी लाल झाल्या होत्या.

भाड्याचं यंत्र सहारनपूरहून आलं, दोन जूनला, आणि पाचला सुरूही झालं. त्याआधी राघव लग्नाला गेला ते तीन दिवस ही भित्री बाई उन्हात उभी राहून पाइप जोडणाऱ्या फिटरवर लक्ष ठेवत होती. शेळीला मात्र हाकलू दिलं नाही, म्हणाली, तिला आधी सावलीत बांधा.

त्या दिवशी बैठक संपली त्याच क्षणी हिमानी खोलीतून ओरडत आली होती. दाराआडून सगळं ऐकत होती लबाड. "मम्मी! लाल वाले का तो ट्रांसफर होता ही नहीं! आप तो बच गईं!" मधूच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. ती आधी हसली, मग टेबलावर डोकं ठेवून रडली. मी आपला कुकर उतरवायला गेलो. वरणाचा कोळसा झाला होता.

पुढे जून गेला, जुलै गेला. टीम खरं लिहू लागल्या. मी मधूला म्हटलं, "तुझी ओळ लालच राहू दे गं. हिमानीची परीक्षा होईपर्यंत कोणी हलवत नाही तुला. कोण विचारणार आहे?"

ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "अप्पा, हे नऊ फूट झालं."

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी तिनं ती ओळ पिवळी केली. पिवळ्याची बदली होऊ शकते. पाटण्याचं पत्र अजून आलेलं नाही, येणार नाही असंही कोणी म्हटलेलं नाही. आत्ता साडेसात वाजलेत. स्कूटी गेटात लागली आहे, हेल्मेट डोक्यावर आहे, आणि मी वरून मिनिटं मोजतोय.