एक रेघ, दोन रेघा

आमच्या बोईसरच्या लॅबमध्ये नमुने येतात, तपासले जातात, फेकले जातात. किस्से मात्र फेकता येत नाहीत. ते माझ्या डोक्यात पडून आंबतात. मी नमुने गोळा करून आणणारा माणूस. शाळा सातवीत सुटली, जीभ त्याआधीच सुटलेली! तपासणारी शिल्पा मॅडम. कोणाच्या ताटात नि कोणाच्या पोटात कुठले जंतू आहेत, ते ती सांगते. पूर्वी त्याला बरेच दिवस लागायचे. आता रॅपिड टेस्ट आली, दुसऱ्या दिवशी कळतं.

*

या 'रॅपिड' शब्दानंच डोकं फिरवलंय. एक हॉटेलवाला नमुना देऊन चहा प्यायला गेला नि परत येऊन मॅडमवर डाफरला, "रिपोर्ट कुठाय?"

"उद्या. जंतूंना आधी खायला घालून वाढवावं लागतं, मग ते टेस्टच्या पट्टीवर दिसतात."

"माझ्या पैशानं जंतूंना खायला घालता?"

मी म्हटलं, "त्यात काय शेठ, तुमच्या हॉटेलात तर ते रोजचे गिऱ्हाईक!"

*

बेटेगावच्या एका म्हातारीला जुलाब लागले. मॅडमनं नमुन्यासाठी डबी दिली. म्हातारीनं ती भरून आणली, तर डबीला फिनेलचा वास!

"आजी, यात काय घातलंत?"

"फिनेल. पोरी, तुज्या हातात घाण कशी देऊ गं?"

जंतू सगळे जागच्या जागी खलास! मी पोट धरून हसलो. आजीनं लाजेपोटी केलं, म्हणून हसलो. तेच दुसऱ्यानं अक्कल लावून केलं, तेव्हा हसू आलं नाही.

*

तो दुसरा म्हणजे कुंभवलीच्या बाजूच्या एका कारखान्यातला कॅन्टीनचा ठेकेदार. सगळे त्याला शेठ म्हणतात. मी गेलो की 'लॅबचा डबा' तयार: उकळून उकळून जंतू मारलेला, वर काजू! आणि कामगारांच्या वाटीत डाळ शोधायला चष्मा लागायचा.

"शेठ, मला कामगारांचं द्या. हा डबा जावयाला पाठवा."

"काका, तुमी सॅम्पल न्यायचं. डोकं चालवायचं नाय."

अस्सा संताप आला! खाणारे शेकड्यांनी, आणि तपासायचा काय, तर याचा काजू!

*

मग व्हायचं ते झालं. त्याच कारखान्याचे, सरावलीच्या खोल्यांमधले कामगार ताप-जुलाबानं आडवे पडले. सलाईन लावलेला एक जण म्हणाला, "काका, दही में ही कुछ था." मॅडमनं आजाऱ्यांचे नमुने घेतले नि मला कॅन्टीनला पिटाळलं. या वेळी मी शेठच्या डब्याकडे बघितलंच नाही. मॅडमनं दिलेला सीलबंद चमचा थेट दह्याच्या टोपात घातला!

तोवर शेठनं कमलला कामावरून काढलं होतं. कमल डोंगराकडच्या पाड्यावरची, भांडी घासायची नि दही वाढायची. शेठ सगळ्यांदेखत ओरडला, "हिच्याच हातानं झालं! ही लोकं हात कुठे धुतात?" त्याच हातचं हा रोज दोन वेळा गिळत होता, तेव्हा नाही दिसले हात!

कमल लॅबच्या दारात आली. "काका, कामावरून काडलाय मला. माजीबी तपासणी करा."

मॅडमनं केली.

*

दुसऱ्या दिवशी पट्ट्या टेबलावर मांडलेल्या. आता तुम्हाला सांगून ठेवतो: एक रेघ येतेच येते, ती नुसती पट्टी चालते म्हणून. दुसरी रेघ उमटली की समजायचं, जंतू! कमलच्या पट्टीवर एक. आजाऱ्यांच्या पट्ट्यांवर दोन. दह्याच्या पट्टीवर दोन.

मॅडम आत फोनवर होती नि शेठ आला. पट्ट्यांवरची नावं वाचली, फोटो काढला आणि कारखान्याच्या ग्रुपवर टाकला: "माझ्या दह्याला दोन! कमलला एकच! बघा, कोण नापास!"

मी अडवलं का? छे! मी तर म्हटलं, "शेठ, फोटो जरा जवळून काढा, नीट दिसू दे."

मॅडम बाहेर आली. "शेठ, दोन रेघा म्हणजे जंतू. साल्मोनेला."

"कोण मोनेला? माझ्या किचनात बाई एकच, कमल!"

*

वाटलं, आता तरी कमल कामावर जाईल. कुठलं काय! कारखान्याचे मॅनेजर साहेब म्हणाले, "रॅपिडवर माझा विश्वास नाही. मोठी टेस्ट करा. तोवर दही चालू, कमल बंद." मॅडमनं फोनवर सांगून सांगून घसा बसवला. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली! माणसाला संशयावरून काढलं, नि दह्याला मात्र पुराव्यानंतरही नोकरी!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कमलला घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. शेठ तिथेच बसलेला. मी लॅबची पांढरी बरणी उघडली आणि दोन वाट्या भरून दोघांपुढे ठेवल्या. दही माझ्या घरचं, सकाळी तेच खाऊन निघालो होतो. पण हे त्यांना सांगायची काय घाई?

"साहेब, दही चालू म्हणालात ना? घ्या, चालू करा!"

शेठनं बरणीकडे बघितलं, मग साहेबांकडे. "काका, आज माजा उपास हाय."

साहेबांनी वाटी बोटानं लांब सरकवली. "माझाही."

दारातून कमल म्हणाली, "साएब, उपासाला दही चालते!"