गुंडीवरचं नाव

देवळीच्या बायका सुमित्राबाईंना पाठीमागे ‘बंदूकवाल्या बाई’ म्हणत आणि तोंडावर नुसतं ‘बाई’. बाईंना दोन्ही चालत असे. आठवडाभर पोरींना शिवणकाम शिकवायचं आणि रविवारी खाकी साडी नेसून, कमरेला पट्टा आवळून होमगार्डच्या कवायतीला जायचं, हा त्यांचा क्रम एकाहत्तरच्या लढाईपासूनचा. लढाई संपली तशा त्या वेळच्या उत्साहात भरती झालेल्या निम्म्या बायका हळूच घरी बसल्या. सुमित्राबाई बसल्या नाहीत. बसायला त्यांना घर होतंच कुठे? भाड्याची एक खोली, तिच्यात शिवणयंत्र आणि चूल.

सासर अल्लीपूरचं. नवऱ्यानं, म्हणजे ओमप्रकाशनं, दुसरी बायको आणली तेव्हा चार नातेवाईक वाटणीला बसले. शेत-घराचा प्रश्नच नव्हता, निदान भांडी तरी बाईंना मिळावीत असं कुणीतरी म्हटलं. सगळी भांडी अंगणात मांडली. आपल्याकडे भांडं कुणाचं ते भांड्यावरच लिहिलेलं असतं. तेव्हा वाद नको, एकेक उचलून नाव वाचावं असं ठरलं. परातीवर सासऱ्यांचं नाव. गंजावर दिराचं. बाईंच्या वडिलांनी आंदण दिलेली ताटं निघाली, तर त्यांच्यावर ‘जावई ओमप्रकाश यांस सप्रेम भेट’. वाचणारा माणूस काही लबाड नव्हता, लिहिलं होतं तेच वाचत होता. वाचून संपलं तेव्हा सगळी भांडी एका बाजूला होती आणि बाई दुसऱ्या बाजूला.

बाई तिथे रडल्या नाहीत. पण आपल्या नावाचं एक तरी भांडं असावं, ही एवढीशी गोष्ट त्यांच्या मनात रुतून बसली ती बसलीच. विकत घेऊन नाव टाकून घेता आलं असतं. एकदा तशा गेल्याही होत्या, पण दुकानाच्या पायरीवरून परत फिरल्या. स्वतःच घ्यायचं आणि स्वतःचंच नाव टाकायचं, हे त्यांना आपणच आपलं औक्षण करण्यासारखं वाटलं.

चौऱ्याहत्तर साली बायकांची नेमबाजीची स्पर्धा घ्यायचं ठरलं. देवळीच्या होमगार्डचे प्रमुख रूपराव यांचं किराणा दुकान होतं. बक्षिसांचं काम त्यांनी बाईंच्या गळ्यात टाकलं. पैसे अगदीच बेताचे होते. पुरुषांना दरवर्षी देतात तसले कप आणा, स्वस्तात होतात, असं रूपरावांचं म्हणणं.

बाई अशा की कप आणण्याआधी कपांचं पुढे काय होतं ते बघायला निघाल्या. मागच्या तीन वर्षांच्या विजेत्यांची घरं त्यांनी पालथी घातली. एका घरी कपात उदबत्त्या खोचलेल्या होत्या. दुसऱ्या घरी कपाचा एक कान तुटला होता आणि कोंबड्यांना दाणे टाकायला त्याचा उपयोग होत होता. तिसऱ्या घरी तर कप सापडेचना. शेवटी घरधनीण म्हणाली की होता बाप्पा एक, चहा पिता येईना त्यात, काय कामाचा? मुलामा उडून सापडलेले दोन्ही कप काळे पडले होते आणि कुणाचंही नाव एकावरही नव्हतं. आपण कधी काळी जिंकलो होतो हे पुरुषांना आठवण करून दिल्यावर आठवलं.

असलं काही बाईंना नको होतं. त्या बसनं वर्ध्याला गेल्या, भांड्यांच्या दुकानात दोन तास घासाघीस केली आणि पहिल्या बक्षिसाला पाणी भरायची पितळेची एक गुंडी, दुसऱ्याला पितळेचाच तांब्याएवढा गडवा ठरवून आल्या. गुंडी अशी झकास, की डोक्यावर घेऊन बाई विहिरीवर निघाली तर सगळ्या आळीनं बघावं. दुकानात नावं टाकणारा प्रेमदास बसत असे. त्याला बाईंनी गळ घातली की हातोडी-छिन्नी घेऊन चांदमारीच्या मैदानावरच ये. जिंकणारीचं नाव तिच्या डोळ्यांदेखत टाकायचं.

रूपरावांनी कपाळाला हात लावला. हे बक्षीस आहे की लग्नातला आहेर, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, आहेर तर आहेर. बघा, सासवा कशा सुना धाडतात ते.

आणि झालं तसंच. ‘बंदूक चालवून काय दिवे लावणार’ म्हणून ज्यांनी सुनांना कोंडून ठेवलं होतं, त्याच सासवा पितळेची गुंडी ऐकून विरघळल्या. पंचफुलाची सासू अनुसयाबाई तर स्वतःच सुनेबरोबर चांदमारीवर आली. पंचफुला हातानं धीट, नजरेनं तयार; बाईंनीच तिला बंदूक धरायला शिकवलं होतं. अनुसयाबाईनं आल्या आल्या गुंडी उचलून वजन बघितलं, बोटानं वाजवून बघितली आणि गुंडीजवळच फतकल मारून बसली. सून जिंकणार याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

बायका एकामागून एक पोटावर झोपून गोळ्या झाडत गेल्या. बाईंनीही स्पर्धेत नाव दिलं होतं. काहींच्या गोळ्या निशाणामागच्या टेकडीलाही लागल्या की नाही, देव जाणे. शेवटी दोघीच उरल्या, पंचफुला आणि सुमित्राबाई. दोघींचे गुण सारखे. आता एकेक गोळी झाडायची आणि जिची मधोमध लागेल ती पहिली, असं ठरलं.

पंचफुलाची गोळी मधल्या काळ्या ठिपक्याच्या काठाला लागली. अनुसयाबाईनं गुंडी मांडीवरच घेतली.

बाई बंदुकीकडे निघाल्या तसे रूपराव जवळ आले आणि हळूच म्हणाले, “बाई, बक्षीस तुम्हीच निवडलं. आता तुम्हीच घेऊन जासान, तं लोकायले काय वाटन? अन् ते म्हातारी पुढच्या साली सुनेले येऊ देईन का?”

माणूस वाईट नव्हता, आणि बोलला तेही खोटं नव्हतं. बाईंना ते आधीच कळलं होतं. गुंडीची लालूच दाखवून बायका त्यांनीच गोळा केल्या होत्या. ती गुंडी पंचफुलाच्या घरी गेली तर पुढच्या वर्षी आणखी दहा सासवा सुना घेऊन येतील. बोट केसभर हलवलं की काम होत होतं. कुणाला कळलंही नसतं. उलट बाईंचं मन किती मोठं, असंच सगळे म्हणाले असते.

बाई पोटावर झोपल्या. बंदुकीचा दस्ता खांद्याला लावला. आयुष्यभर त्यांनी मन मोठं केलं होतं. नवऱ्यासाठी केलं, सवतीसाठी केलं, अंगणात मांडलेल्या त्या भांड्यांसमोर केलं. आणि प्रत्येक वेळी मन मोठं झालं तसा हात रिकामा झाला होता. आता त्यांना मोठेपणा नको होता, गुंडी हवी होती. त्यांनी श्वास धरला आणि गोळी झाडली.

ठिपक्याच्या अगदी मधोमध भोक पडलं.

टाळ्या पडल्या, पण कोमट. दोघीतिघींनी एकमेकींकडे बघून तोंड वाकडं केलं. ‘म्हणूनच गुंडी आणली होती का’ असं कुणीतरी म्हणालं, तेही बाईंना ऐकू आलं. त्यांनी मान खाली घातली नाही. अनुसयाबाईच्या मांडीवरची गुंडी उचलून त्यांनी प्रेमदाससमोर ठेवली.

“काय टाकू?”

“सुमित्रा.”

प्रेमदास छिन्नी धरून पुढच्या नावाची वाट बघत राहिला. बाई म्हणाल्या, “बस. एवढंच.”

हातोडीचे बारीक ठोके पडू लागले, पितळेवर टिंबाला टिंब लागून अक्षरं उमटू लागली. पूर्ण झाल्यावर बाईंनी त्यांच्यावरून बोट फिरवलं. अक्षरं खरखरीत लागली आणि बाईंना रडू कोसळलं. इतक्या वर्षांचं साचलेलं, आवरता आवरेना. वर्दीतली बाई हमसून रडतेय हे बघून तोंडं वाकडी करणाऱ्याही गप्प झाल्या.

अनुसयाबाई हे सगळं जवळून बघत होती. तिनं विचारलं, “वाचून दाखवा बरं, काय लिवलं?”

“सुमित्रा.”

“मालकाचं?”

“नाई.”

“बापाचं?”

“नाई. माहंच.”

 मग पंचफुलाचा गडवा पुढे आला. प्रेमदासनं सवयीनं नवऱ्याचं नाव विचारलं. पंचफुला लाजून सासूकडे बघू लागली. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? अनुसयाबाईनं लेकाचं, लहानूचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

“पंचफुला टाक,” ती म्हणाली. “गोळी इनं मारली.”

पुन्हा ठोके सुरू झाले. अनुसयाबाई पुढे वाकून बघत होती, वाचता येत नव्हतं तरी एकेका अक्षरावर नजर ठेवून होती. नाव पूर्ण झालं, प्रेमदासनं हत्यारं आवरली, बायका बसच्या दिशेनं निघाल्या, तरी ती हलेना. सून पुढे गेल्याचं बघून ती सुमित्राबाईंच्या जवळ सरकली.

“बाई,” तिनं आवाज खाली आणून विचारलं, “तुमच्यात बायकायले कोन्त्या वयापावतर घेते?”

बाईंना होमगार्डचा वयाचा नियम पाठ होता. अनुसयाबाई त्याच्या केव्हाच पलीकडे गेली होती. एरवी कुणालाही फाडकन सांगणाऱ्या बाईंची जीभ उचलेना.

“विचारून सांगते,” त्या म्हणाल्या.

“आठवणीनं विचारजा,” अनुसयाबाई म्हणाली, आणि गडवा पदराखाली धरून सुनेच्या मागे चालू लागली.