आज नळाला फोर्स होता

मंडळी, आज आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं आणि भांडण झालं नाही. औरंगाबादकरांना यातलं नवल लगेच कळेल.

कोरोनामुळं टीव्हीवर सारखं 'हात धुवा, हात धुवा' चाललंय आणि आमच्याकडं पाणी येतं पाच-सहा दिवसांनी. आलं की सगळे एकदम मोटारी लावून ओढतात. त्यात समोरच्या नसीमचाची सगळ्यांच्या पुढं. पाण्यावरून त्यांच्या तोंडी लागायची कुणाची हिंमत नाही. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सुनीता सिस्टरकडं मोटार नाही, त्यामुळं तिथं नुसती करंगळीएवढी धार पोचते.

आज सकाळी मी मोटारीचं बटण दाबलं, तोच चाची तोंडाला ओढणी गुंडाळून गल्लीत उभ्या.

"मोटारी बंद करा सगळ्यांनी! पहले सुनीता का हौद भरने दो. दवाखान्यातून येती ती पोरगी, अंघोळ केल्याबिगर लेकराला हात लावत नाय!"

"आणि तुमची मोटार, चाची?" मी गॅलरीतून विचारलं.

"मेरी तो पहलेच बंद करी मैं!"

एकेक मोटार थांबली. टोकाच्या हौदात पाणी पडल्याचा आवाज माझ्या गॅलरीपर्यंत यायला लागला.

दुपारी सुनीता ड्यूटीवरून आली. अंघोळ करून, लेकराला कडेवर घेऊन दारात उभी राहिली.

"चाची, आज नळाला फोर्स होता का हो?"

"व्हय, लई होता," चाची म्हणाल्या आणि आमच्याकडं असं बघितलं, की सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला मात्र राहवेना. सुनीता फेसबुकवर नाही, म्हणून इथं सांगितलं. तुमच्यापैकी कुणाला भेटलीच, तर तुम्हीही म्हणा, फोर्स होता.