दर शुक्रवारचा केक

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या प्रयोगशाळेत मी कॉफी द्यायची. एकदा दाराआडून प्राध्यापक मार्ख्येबाई कडाडल्या, "चुंबक नाही, ग्रीस मोजलंस तू! आणि मी जगभर सांगून बसले!"

बोलणी खाणारा हार्मेन, बाईंच्याच वयाचा त्यांचा सहायक. तो तांदळाएवढा स्फटिक ग्रीसने चिकटवायचा, भयंकर गार करायचा नि त्याला किती उष्णता लागते ते मोजायचा. आतले इवले चुंबक एका चुलीपाशी तीन जावा असाव्यात तसे, कितीही गारठा पडो, एकमत नाहीच. झालंच, तर मोजलेल्या उष्णतेत एकदम चढ दिसतो. हार्मेनला दिसला, बाईंनी जगाला कळवला, पण तो ग्रीसचा होता. ग्रीस वेगळं मोजून वजा करायला तो विसरला होता.

"बाई, पुन्हा मोजू द्या."

"लोक विसरले की मोज. तोवर केक आण, दर शुक्रवारी."

चुकेल त्याने केक आणायचा ही तिथली रीतच, पण एकदाच. हार्मेनचा केक दर शुक्रवारी आला, आणि कुणीतरी म्हणायचंच, "ग्रीस नाही ना लावलंस?" विसरणार कसे? मोजणं बंदच; एरवी तो नुसत्या नळ्या पुसायचा.

वर्षं गेली, जुने पांगले. स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशीही हार्मेन केक घेऊन आला. नवी पोरगी इनेके म्हणाली, "काका, वाढदिवस वाटतं?"

त्याचा चेहरा उजळला. "बाई, विसरले बघा सगळे! आज एकदा मोजू?"

"अगं, तुला ठाऊकच नाही?" बाई इनेकेला म्हणाल्या, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. पोरं पोट धरून हसली.

हार्मेनने केक कापला, आधी बाईंना दिला. मग सुरी धुऊन, रिकामा डबा सायकलला अडकवून तो घरी गेला.