संघपाल रामटेके यांच्या क्लचमधली हवा

संघपाल देवाजी रामटेके. जन्म १९५९, नागभीडजवळच्या एका खेड्यात. मृत्यू २०२४, एटापल्ली येथे. वन विभागात लिपिक म्हणून लागले आणि लिपिक म्हणूनच निवृत्त झाले. पत्नी माधवीबाई आरोग्यसेविका. त्यांची अखेरची नेमणूक एटापल्लीची, म्हणून दोघे येथेच स्थिरावले. दुसऱ्याच्या अडचणीला न बोलावता धावणारा हा मनुष्य स्वतः मदत मागताना मात्र फार अवघडत असे. एका सकाळी त्यांना ती मागावी लागली, तिचीच ही हकिकत.

माधवीबाईंची मूत्रपिंडे निकामी झाली होती. डायलिसिससाठी त्यांना गडचिरोलीला न्यावे लागे आणि त्याच कारणासाठी संघपालांनी एक जुनी मोटार घेतली होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वाटेतला नाला रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, वाहू लागला आणि एक खेप चुकली. माधवीबाईंचे पाय सुजले. आडवे होताच धाप लागू लागली. मग पाणी उतरल्याची खबर आली. परंतु डोंगराकडचे आभाळ काळेच होते. रपटा किती वेळ उघडा राहील, हे कोणीच सांगू शकत नव्हते. एसटी बंद होती आणि रुग्णवाहिका एका बाळंतिणीला आणण्यासाठी आतल्या गावाकडे गेली होती.

पत्नीला शेजारच्या आसनावर बसवून संघपालांनी क्लच दाबला. तो थेट तळाला गेला आणि तेथेच पडून राहिला.

क्लचच्या नळीच्या एका जोडातून तेल गळून त्याची छोटी टाकी कोरडी झाली होती. जोड त्यांनी आवळला; पण आत हवा शिरली होती आणि ती काढल्याशिवाय गिअर पडणार नव्हता. मेकॅनिकच्या दुकानाला कुलूप होते. त्याला हे काम करताना संघपालांनी एकदा पाहिले होते, तेवढीच शिदोरी. जॅक लावून त्यांनी खाली सागाचे ओंडके सरकवले, हवा सोडण्याच्या निपलला सलाईनची नळी जोडली आणि तिचे दुसरे टोक तेल घातलेल्या बाटलीत बुडवले. समोरच राहत असल्याने टाकीत ब्रेक ऑइल ओतत राहण्याचे काम माझ्याकडे आले. डबा अर्धाच होता आणि गावात दुसरा मिळण्याची आशा नव्हती. माझे गुडघे दुखरे. क्लच दाबायला कोणी तरी हवे होते.

शेजारच्या बायनाबाई परसात पायाने चालवायच्या ढेकीवर धान कांडत होत्या.

"बायनाबाई, जरा येता का? पायाचं काम हाये," संघपाल अवघडत म्हणाले.

"पायाचं? काऊन भाऊ, तुमच्या गाडीले का धान कांडाचे हायेत?"

तरी त्या लगेच आल्या. चालकाच्या आसनाच्या कडेवर चोरासारख्या बसल्या.

"मी ‘दाबा’ म्हनलं का दाबून धरजा. ‘सोडा’ म्हनेपर्यंत पाय नोका उचलू," संघपालांनी मोटारीखालून बजावले.

त्यांनी निपल सैल केला. नळीत बुडबुडे आले, पेडल खाली गेले, आणि निपल आवळण्यापूर्वीच बायनाबाईंचा पाय वर आला. आलेले सारे बुडबुडे उलटे आत ओढले गेले. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळीही तेच. डब्यातले तेल मात्र उतरत चालले.

"अवो, काऊन उचलता पाय?" संघपाल ओरडले. त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना मी कधी ऐकले नव्हते.

"मी नाई उचलत, भाऊ! थो आपोआपच उचलते!"

ते खरेच होते. ढेकीचे शेपूट दाबायचे आणि लगेच सोडायचे, तेव्हाच मुसळ धानावर पडते. पाय खाली धरून ठेवला तर कांडण होतच नाही. जन्मभर तेच केलेल्या पायाला आता नेमके उलटे सांगितले जात होते.

माधवीबाईंना एक वाक्य दोन श्वासांत बोलावे लागत होते. "अजी, ओरडू नोका... तिच्या पायाले सवय हाये." मग त्या कलल्या आणि दोन्ही तळहात बायनाबाईंच्या डाव्या गुडघ्यावर ठेवून त्यांनी अंगाचा भार टाकला.

"बाई, आपला जीव सांभाळा ना, माह्या गुडघ्यावर काऊन सांडता?"

"गुमान बस. हालू नोको."

"दाबा!"

गुडघा थरथरला, पण तळहातांखाली राहिला. बुडबुडे आले. पान्याचा आवाज झाला.

"सोडा!"

असे कितीदा झाले ते मी मोजले नाही. माझे लक्ष डब्यावर आणि माधवीबाईंच्या ओठांवर होते. ते निळसर पडू लागले होते. बॉनेटवर थेंब वाजू लागले. डब्याच्या तळाचे तेल मी टाकीत निथळत असतानाच नळीतून बुडबुड्याविना, स्वच्छ धार आली. संघपालांनी निपल आवळला, चिखलासह बाहेर आले आणि स्वतः पेडल दाबून पाहिले. ते अर्ध्यावर घट्ट लागले. गिअर पडला.

बायनाबाई मागच्या आसनावर माधवीबाईंना टेकवून धरून त्यांच्याबरोबर गेल्या. ढेकीखालचे धान तसेच पडून राहिले. त्यांनी रपटा ओलांडला तेव्हा पाणी त्याच्या कडेला लागले होते. सायंकाळी रस्ता पुन्हा बंद झाला, पण तोपर्यंत माधवीबाई डायलिसिसच्या यंत्राला लागल्या होत्या.

पुढे क्लचचा सिलिंडर बदलला. आभार म्हणून देऊ केलेले लुगडे बायनाबाईंनी नाकारले. "मले गाडी शिकवा," म्हणाल्या, "मंग हात ठेवाले बाई नाई लागनार." संघपालांनी शाळेच्या मैदानावर शिकवणी सुरू केली. मोटार पुढे नेणे बायनाबाईंना उत्तम जमले. मागे घेणे शिकवायचे राहिले आणि संघपाल गेले. माधवीबाई हयात आहेत व भाड्याच्या जीपने गडचिरोलीला जातात. मोटार त्यांनी विकलेली नाही. ती बायनाबाईंच्याच हाती द्यायची, असे दोघींनी ठरवले आहे. परवाना अद्याप निघायचा आहे.